साहेब घरी नाहीत

लातूरजवळ निवळीला एक साखर कारखाना आहे. त्याचा पत्ता असा लिहितात: विलास सहकारी साखर कारखाना, वैशालीनगर, निवळी. त्याआधीच्या, मूळच्या मांजरा कारखान्याच्या पत्त्यात विलासनगर येतं. उसाच्या बिलावर, वजनकाट्याच्या पावतीवर, सभासदांना जाणाऱ्या वार्षिक अहवालावर विलासराव आणि वैशालीताई देशमुख हे जोडपं वर्षानुवर्षं असं छापलं जातं आहे. विलासरावांवर लिहायला बसलेल्या माणसाला साहित्य कमी पडत नाही. विधिमंडळातली भाषणं आहेत, गौरवग्रंथ आहेत, स्मृतिदिनाच्या पुरवण्या आहेत, गोपीनाथ मुंडे यांच्याशी असलेल्या मैत्रीचे तर किस्सेच किस्से आहेत. या मैत्रीवर आपल्या वर्तमानपत्रांनी जेवढी शाई खर्च केली तेवढी दोघांच्याही संसारांवर मिळून केली नसेल. दोन पुरुषांच्या पक्षापलीकडच्या मैत्रीत आपल्याला राजकारण दिसतं. लग्नात मात्र फक्त घरगुती मामला दिसतो.

हा समज खोडून काढायला हवा, म्हणून हे लिखाण. लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांनी महाराष्ट्राला चार मुख्यमंत्री दिले: शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोक चव्हाण. शिवराज पाटील चाकूरकरांच्या रूपाने लोकसभेचा अध्यक्ष दिला. केंद्रीय गृहमंत्री दोन दिले, शंकरराव आणि शिवराज पाटील. एवढी पदं ज्या घरांमध्ये आली आणि गेली, त्या घरांत ती पेलायला कोण होतं, हा प्रश्न कौतुकाचा नाही, अभ्यासाचा आहे. नेत्याचं लग्न चाळीस वर्षं टिकलं की आपण लगेच बाईच्या सोशिकतेवर येतो. ‘खंबीरपणे पाठीशी उभ्या राहिल्या’ हे वाक्य नसलेला गौरवग्रंथ मी अजून पाहिलेला नाही. पाठीशी उभं राहणं म्हणजे दिवसभर नेमकं काय करणं, हे मात्र त्यात कुणी लिहीत नाही. माझ्या मते अशी लग्नं टिकली ती कामाच्या वाटणीवर. त्यातलं अर्धं काम मतदारसंघाचं होतं, ते बाईच्या वाट्याला आलं, त्याला ना पद होतं ना मानधन.

ते काम समजून घ्यायचं तर आधी जुनं अंतर आठवायला हवं. आज लातूरहून रात्री गाडीत बसलं की सकाळी मुंबई. पण लातूरची लोहमार्गाची ओळख बराच काळ बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज गाडी हीच होती. कुर्डुवाडीला उतरायचं, मोठी गाडी धरायची. फोन ट्रंक कॉलने लावायचे, आणि लागला तरी पलीकडचा आवाज विहिरीतून आल्यासारखा. लातूर स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ मध्ये. तोवर सरकारी कामाला उस्मानाबाद गाठावं लागे. अशा काळात आमदार अधिवेशनाला गेला की तो तालुक्यासाठी जवळजवळ परदेशीच गेलेला असे. आणि लोकांच्या अडचणी काही अधिवेशनाचं वेळापत्रक बघून येत नाहीत. रॉकेलचा कोटा, पोराची बदली, पोलिसांनी उचललेला भाचा, विहिरीच्या कर्जाचा अडकलेला हप्ता, सरकारी दवाखान्यात खाट. माणूस पहाटेच्या एसटीने येणार, वाड्याच्या किंवा बंगल्याच्या दारात चप्पल काढणार आणि विचारणार, साहेब हायेत का?

साहेब घरी नाहीत. हे उत्तर कसं द्यायचं यावर पुढची निवडणूक अवलंबून असे, असं म्हटलं तर फार मोठी अतिशयोक्ती होणार नाही. ते दारातूनच दिलं तर माणूस तुटला. आत बोलावून, पाणी-चहा देऊन, गाव कोणतं, कुणाचा कोण, आई कशी आहे विचारून दिलं तर काम न होताही माणूस आपला राहिला. आमच्याकडे नेत्याच्या बायकोला कार्यकर्ते वहिनी म्हणतात, वय वाढलं की काकू किंवा आईसाहेब, आणि ही नाती नुसती बोलण्यापुरती नसतात. वहिनी म्हटलं की जेवायला वाढ म्हणण्याचा हक्क येतो, रुसण्याचाही येतो. ज्या गोष्टी साहेबांना तोंडावर सांगता येत नाहीत त्या वहिनींच्या कानावर घालता येतात. अमुक गावचा पाटील नाराज आहे, तमुक कार्यकर्ता दुसऱ्या गटाच्या जीपमध्ये दिसला, साहेबांच्या भोवतीचा एक माणूस पैसे खातो आहे. ही माहिती कुठल्याही गोपनीय अहवालापेक्षा ताजी असे. ती कधी सांगायची, किती सांगायची, आणि कोणती आपल्याजवळच ठेवायची हे ठरवणारी बाई घर सांभाळत होती असं म्हणणं म्हणजे मुख्य सचिवाला कारकून म्हणणं.

यात जातीचा, वाड्याचा, जमिनीचा भाग होता हे विसरून चालणार नाही. बाभळगावच्या देशमुखांच्या गढीत येणाराजाणारा नवा नव्हता. देशमुखी घराला ती सवय पिढ्यांची. पन्नास माणसांचा स्वयंपाक अचानक उभा करायचा तर कोठीत धान्य लागतं, हाताखाली माणसं लागतात. चुलीपुढे बसलेल्या त्या बायकांची नावंही कुठे नाहीत. नेत्याच्या पत्नीची नोंद व्हावी असा आग्रह धरताना, तिच्या स्वयंपाकघरात धपाटे थापणाऱ्या बायकांची नोंद कोण घेणार हा प्रश्न उरतोच, आणि तो मी इथे लपवत नाही.

विलासरावांचा राजकीय प्रवास गावातून सुरू झाला. पुण्यात कायदा शिकून आलेला तरुण १९७४ मध्ये बाभळगावचा सरपंच झाला, १९८० मध्ये लातूरचा आमदार. अमित १९७६चे, रितेश १९७८चे, धीरज १९८०चे. तारखा शेजारी ठेवून पाहिल्या की गणित आपोआप उलगडतं. राजकारणाची पहिली, सर्वांत धावपळीची सहा वर्षं आणि तीन मुलांची बालपणं एकाच वेळी चालू होती. पुढे मंत्रिपदं आली, मुंबईचा सरकारी बंगला आला, आणि संसाराचे दोन भाग झाले. पाय बाभळगावात, मुलांच्या शाळा मुंबईत. मंत्र्याचा बंगला हे बाहेरून ऐश्वर्य दिसतं. पण ती जागा खात्याची असते, तिथलं सामान यादीवर असतं, आणि खातं गेलं की ठरावीक मुदतीत ती सोडायची असते. पडदे आपल्या आवडीचे लावले तरी घर आपलं नसतं. अशा घरात मुलांना ‘हे कायमचं नाही’ हे शिकवावं लागतं.

ते खरोखरच कायमचं नव्हतं. १९९५ साली विलासराव लातूरमध्ये हरले. जनता दलाच्या शिवाजीराव पाटील कव्हेकरांनी त्यांना सुमारे ३५ हजार मतांनी पाडलं. ज्या शहरात तीन वेळा निवडून आले, जिथे साखर कारखाना उभा केला, तिथे हा पराभव. त्यानंतर विधान परिषदेची निवडणूक लढवली, तीही अगदी थोडक्यात गेली. राजकारणी माणसाच्या चरित्रात हा काळ दोन परिच्छेदांत उरकतात, कारण त्यात पद नसतं आणि म्हणून चरित्रकाराला तारखा सापडत नाहीत. मला विचाराल तर लग्न समजून घ्यायला हाच काळ सर्वांत उपयोगी. सत्तेत असताना नवरा-बायकोच्या मध्ये पीए असतो, सुरक्षारक्षक असतो, फाईल असते, दौरा असतो. हरल्यावर यातलं एकेक गळून पडतं आणि माणूस सकाळी दहा वाजता घरात असतो. बायकोने ज्या घराचा कारभार पंधरा वर्षं आपल्या पद्धतीने बसवला, त्यात हा नवा, रिकामा, चिडका रहिवासी येऊन बसतो. दारातल्या चपला कमी होतात. कोण यायचं थांबलं आणि कोण येत राहिलं हे घरातल्या बाईला साहेबांच्या आधी कळतं, कारण चहाचे कप तिच्या नजरेखालून जातात.

१९९९ साली विलासराव त्याच लातूरमधून जवळपास ९१ हजारांच्या मताधिक्याने परतले आणि १८ ऑक्टोबरला मुख्यमंत्री झाले. मधल्या साडेचार वर्षांत गट पुन्हा बांधला गेला. त्याचं श्रेय त्यांच्या हसतमुख स्वभावाला देतात. ते खरंच आहे, माणूस गप्पिष्ट, दिलदार, हजरजबाबी होता. त्यांचे बंधू दिलीपराव आणि सहकारातलं जाळं यांनाही देतात, तेही बरोबर. पण हरलेल्या माणसाच्या दारात लोक येत राहावेत असं वातावरण घरानेच टिकवावं लागतं. भाषण करून ते येत नाही.

पुढचा पट आणखी वेगाने उलगडत जातो. जानेवारी २००३ च्या ३ तारखेला रितेश यांचा पहिला हिंदी चित्रपट ‘तुझे मेरी कसम’ पडद्यावर आला, आणि त्याच महिन्यात विलासरावांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. एका मुलाच्या कारकिर्दीची सुरुवात आणि नवऱ्याच्या पदाचा शेवट, दोन आठवड्यांच्या आत, एकाच छपराखाली. नोव्हेंबर २००४ मध्ये ते पुन्हा मुख्यमंत्री. नोव्हेंबर २००८ चा मुंबईवरचा हल्ला, ताज हॉटेलची ती वादग्रस्त पाहणी, तिच्यात सोबत असलेला मुलगा आणि चित्रपट दिग्दर्शक, आणि पुन्हा राजीनामा. ती चूक राजकीय होती आणि तिची टीका रास्त होती. इथे ती आठवण्याचं कारण वेगळं आहे. त्या आठवड्यात लातूरच्या दोन घरांवर एकदम पाणी फिरलं. शिवराज पाटलांनी ३० नोव्हेंबरला केंद्रीय गृहमंत्रिपद सोडलं, पाठोपाठ विलासरावांनी मुख्यमंत्रिपद. आणि ८ डिसेंबरला नांदेडच्या अशोक चव्हाणांचा शपथविधी झाला. लातूर ते नांदेड अंतर दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर. एका गावी फोन थंड पडले, दुसऱ्या गावी ते वाजायचे थांबेनात. मराठवाड्यातल्या राजकीय घरांतल्या बायकांना हा खेळ पाठ आहे. कुणाच्या शपथविधीला कुणाला फोन करायचा आणि कुणाच्या राजीनाम्यानंतर किती दिवसांनी भेटायला जायचं याचे अलिखित नियम त्यांनीच घडवले आहेत. पुरुष पक्षाच्या भिंतीआड बसलेले असताना हळदीकुंकवाला, लग्नकार्याला, दुखवट्याला या बायका एकमेकींना भेटत राहिल्या. मराठवाड्यात विरोधकांची भांडणं विकोपाला जात नाहीत, इथले नेते एकमेकांना सांभाळून घेतात, अशी एक ख्याती आहे. तिच्या मुळाशी ही भेटीगाठींची वीण किती आहे, याचा तपास एखाद्या अभ्यासकाने करावा.

नांदेडच्या चव्हाणांचं घर वेगळ्या धाटणीचं. शंकरराव पैठणचे. हैदराबाद मुक्तिसंग्रामात पडले, वकिली बाजूला ठेवली, नांदेडला नगराध्यक्ष झाले, आणि मग सिंचन खात्याने त्यांना त्यांचं खरं आयुष्य दिलं. जायकवाडी, विष्णुपुरी या नावांशिवाय त्यांचं चरित्र लिहिता येत नाही. स्वभाव कडक, बोलणं मोजकं, लोक त्यांना हेडमास्तर म्हणत. विलासरावांच्या बैठकीत हशा पिके, शंकररावांच्या बैठकीत लोक सरळ बसत. हेडमास्तरांच्या घरी दार उघडायला कुसुमताई होत्या. आज नांदेडला कुसुम सभागृह आहे, कुसुम महोत्सव भरतो. नवऱ्याचं नाव धरणाला, वैद्यकीय महाविद्यालयाला. बायकोचं नाव सभागृहाला. ही वाटणी कुणी मुद्दाम ठरवून केली नसेल, तरी ती काहीतरी सांगतेच. पाणी, शिक्षण, आरोग्य त्यांच्याकडे आणि नाटक-गाणं-हळदीकुंकू तिच्याकडे. कुसुमताईंनी प्रत्यक्षात काय केलं याचा शोध सभागृहाच्या पाटीवर थांबू नये.

नेत्याच्या टिकलेल्या लग्नाचा महाराष्ट्रातला नमुना म्हणून सगळे बोट दाखवतात ते कराडकडे, यशवंतराव आणि वेणूताईंकडे. लग्न २ जून १९४२ रोजी. दोनच महिन्यांत चलेजाव आंदोलन, यशवंतराव भूमिगत. १९४३ च्या जानेवारीत, लग्नानंतरची पहिली संक्रांत, आणि नव्या सुनेला पोलिसांनी अटक केली, तिचा गुन्हा एवढाच की नवरा सापडत नव्हता. ती आजारी पडली, तो लपतछपत फलटणला तिला बघायला आला आणि पकडला गेला. त्यानंतर मुंबई, दिल्ली, संरक्षण, गृह, अर्थ, परराष्ट्र. परदेशातून त्यांनी वेणूताईंना लिहिलेली पत्रं पुढे ‘विदेश-दर्शन’ या नावाने पुस्तकात आली. वेणूताई १ जून १९८३ रोजी गेल्या. लग्नाच्या एकेचाळिसाव्या वाढदिवसाला एक दिवस कमी. यशवंतराव २५ नोव्हेंबर १९८४ ला गेले. मधल्या दीड वर्षात त्यांनी कराडच्या आपल्या घरी ग्रंथसंग्रह आणि कागदपत्रं एकत्र करून तिच्या नावाने ट्रस्ट उभा करण्याचं काम मनावर घेतलं.

हे सगळं हृद्य आहे आणि मी ते नाकारत नाही. पण या नमुन्याने आमची दिशाभूलही केली. त्यात पत्रं यशवंतरावांची आहेत. वेणूताईंनी पाठवलेली उत्तरं आपण कधी विचारली नाहीत. भरभरून लिहिणारा रसिक नवरा आणि अबोल, देवभोळी, आजारी बायको अशी जोडी एकदा मनात बसली की पुढच्या प्रत्येक नेत्याच्या बायकोला आपण त्याच चौकटीत बसवतो. ज्या बायका बोलक्या होत्या, फटकळ होत्या, ज्यांनी तिकिटवाटपात हात घातला, ज्यांना माणसाची पारख नवऱ्यापेक्षा चांगली होती, त्यांच्यासाठी या चौकटीत जागाच राहत नाही.

म्हणून मला दुसरंही एक घर आठवतं. बापूसाहेब काळदाते समाजवादी, लातूरचे माजी आमदार, १९७७ साली औरंगाबादचे खासदार, पुढे राज्यसभेत. महाराष्ट्रभर सभा गाजवणारा वक्ता. त्यांच्या पत्नी डॉ. सुधा काळदाते समाजशास्त्राच्या प्राध्यापक. मराठीतून समाजशास्त्र शिकलेल्या कित्येक पिढ्यांनी त्यांची पुस्तकं अभ्यासली, आणि त्यातल्या अनेकांना त्या कुणाच्या पत्नी आहेत हे ठाऊकही नव्हतं. समाजवादी आणि कम्युनिस्ट घरांमध्ये हे नेहमीचं होतं. नवरा पूर्णवेळ कार्यकर्ता, बायको शाळेत किंवा कॉलेजात, आणि महिन्याच्या एक तारखेचा पगार तिचा. काँग्रेसी घरातल्या कोठीने जे काम केलं ते इथे पगारपत्रकाने केलं. पाहुणे तिथेही होते, फक्त जेवण साधं असे आणि कधीकधी पाहुणाच भांडी घासायला बसे. या लग्नांच्या टिकण्यात बरोबरी जास्त होती असं म्हणायचा मोह होतो. पण पगारही तिचा, घरही तिचं, आणि क्रांती त्याची, ही वाटणीसुद्धा बारकाईने पाहण्यासारखी आहे.

निलंग्याचं घर या सगळ्यांत नाट्यमय. शिवाजीराव पाटील निलंगेकर १९८५-८६ मध्ये मुख्यमंत्री होते, आयुष्यभर काँग्रेसचे. २००४ साली त्यांच्या सूनबाई रूपाताई पाटील भाजपच्या उमेदवार म्हणून लातूरच्या लोकसभेला उभ्या राहिल्या आणि त्यांनी सात वेळा निवडून आलेल्या शिवराज पाटलांना हरवलं. त्याच वर्षी रूपाताईंचा मुलगा संभाजी याने विधानसभेत खुद्द आजोबांचा पराभव केला. २००९ ला आजोबांनी नातवाला हरवून परतफेड केली. लातूरमध्ये यावर आजही चवीने बोलतात. मला या हकिगतीत महत्त्वाचं वाटतं ते हे: इथे घरातली बाई दार उघडायला नव्हती, उमेदवार होती. पतीच्या मागे उभी राहण्याचा प्रश्नच नव्हता. सासऱ्यांच्या पक्षाविरुद्ध ती जिंकून आली होती.

बाकीच्या बायकांसाठी दार उघडलं ते कायद्याने. ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये अमलात आली, स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना एकतृतीयांश जागा मिळाल्या, महाराष्ट्राने पुढे २०११ पासून त्या निम्म्या केल्या. गावोगावी सरपंचपती नावाची जात जन्माला आली: सही बायकोची, खुर्ची नवऱ्याची. त्यावर विनोद भरपूर झाले. पण दोन-तीन पंचवार्षिकं गेली आणि त्यातल्या काही बायकांनी सही करण्याआधी कागद वाचायला सुरुवात केली. वरच्या पातळीवर तोच बदल आणखी सावकाश झाला. २०१४ ला अशोक चव्हाण लोकसभेत गेले तेव्हा भोकरची विधानसभा त्यांच्या पत्नी अमिता चव्हाणांनी लढवली आणि जिंकली. २०२४ ला तिथून त्यांची मुलगी श्रीजया आमदार झाली, तोवर घराचा पक्षही बदलला होता. लातूर शहरात २०२४ ला अमित देशमुखांसमोर उभ्या होत्या शिवराज पाटलांच्या सूनबाई अर्चना पाटील चाकूरकर. निकाल अमित देशमुखांच्या बाजूने लागला, पण लढत चुरशीची झाली. घराणेशाही वाईटच. तरीही ज्या घरात सुनेला एकेकाळी बैठकीच्या खोलीत यायला परवानगी लागायची त्याच घरातून ती आता प्रचाराला निघते, हेही खरं. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात.

कायद्याने आणखी एक कागद आणला. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांनंतर उमेदवाराला शपथपत्रात जोडीदाराची मालमत्ताही जाहीर करावी लागते. नमुना २६ मधला पती किंवा पत्नीचा रकाना. त्यात सोनं ग्रॅममध्ये, जमीन गट क्रमांकानुसार, शेअर, कर्ज, सगळं येतं. लग्नाचं एवढं कोरडं आणि एवढं स्पष्टवक्तं दस्तऐवजीकरण दुसरं नाही. चरित्रकार त्याकडे ढुंकून पाहत नाहीत, निवडणुकीचे वार्ताहर चार दिवस पाहतात. एकाच उमेदवाराची पाच निवडणुकांतली पाच शपथपत्रं शेजारी ठेवावीत. त्या रकान्याची वाढ आणि घट पाहून संसारात कोणत्या वर्षी कुणाच्या नावावर काय गेलं ते कळतं, आणि कधीकधी का गेलं तेही कळतं.

एक सावधगिरी इथेच सांगून ठेवतो. टिकलेलं लग्न म्हणजे सुखाचं लग्न, असा अर्थ कुणी काढू नये. आपल्याकडे राजकारणी माणसाला घटस्फोट परवडत नाही, त्याच्या बायकोला तर माहेरी जाऊन चार दिवस राहणंही परवडत नाही, लगेच चर्चा होते. त्यामुळे मोडलेली लग्नंसुद्धा बाहेरून टिकलेली दिसतात. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर जोडीने हात जोडलेले असतात, आणि घरात जेवणाच्या वेळा वेगळ्या असतात. कोणतं लग्न आतून कसं होतं हे सांगण्याचा अधिकार बाहेरच्या कुणालाच नाही, मलाही नाही. बाहेरून दिसतं ते काम. दाराशी आलेल्या माणसाला कुणी बसवलं, पराभवानंतर कुणी गट सांभाळला, मुलांना कुणी वाढवलं, नवरा गेल्यावर संस्थेचं काय झालं. यातलं प्रत्येक तपासता येतं. प्रेमाबद्दल अंदाज बांधण्यापेक्षा तेवढं केलं तरी पुष्कळ.

नवरा गेल्यानंतरचा भाग विशेष बघावा. विलासरावांना ऑगस्ट २०१२ मध्ये मुंबईहून चेन्नईला हलवलं. यकृत बदलण्याची शस्त्रक्रिया होणार होती, ती झाली नाही. १४ ऑगस्टला ते गेले, वय ६७. दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्यदिनी बाभळगावला अंत्यसंस्कार झाले, पंतप्रधान मनमोहन सिंगांसह देशभरचे नेते आले. सहाच महिन्यांपूर्वी, फेब्रुवारीत, रितेश आणि जेनेलिया यांचं लग्न झालेलं. असा प्रसंग घडला की मराठवाड्यात तेराव्याच्या आतच कुजबुज सुरू होते, वारस कोण. अमित २००९ पासून आमदार होतेच, तो प्रश्न तिथे फारसा उरला नव्हता. वैशालीताईंनी निवडणूक लढवली नाही. पण विलास कारखान्याच्या अध्यक्षपदाची जबाबदारी त्यांनी घेतली. ऊसदर, गाळप, बँकेचं कर्ज, दुष्काळी वर्षातली उसाची टंचाई हे सगळं पुढ्यात असलेली खुर्ची. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या काळात साखर कारखानदारीवर, उसाच्या पाण्यावर देशभर टीका झाली, आणि ती निराधार नव्हती. त्या टीकेला सामोरं जाणाऱ्या कारखानदारांच्या फळीत एका नेत्याची पत्नीही होती, हे विलासरावांच्या चरित्राचा उत्तरार्ध म्हणून नव्हे, तिच्या स्वतःच्या कारकिर्दीचा भाग म्हणून लिहायला हवं. टीकेसकट.

या कामासाठी लागणारी साधनं वेगळी आहेत. नेत्याच्या पीएला विचारून भागणार नाही, तो साहेबांसोबत मुंबईत होता. घरी राहिलेल्या ड्रायव्हरला विचारावं लागेल, टपाल फोडणाऱ्या कारकुनाला, स्वयंपाकाच्या मावशींना, शेजारच्या वाड्यातल्या वहिनींना. लग्नकार्याच्या आहेराच्या वह्या पाहाव्या लागतील. कुणी किती आहेर केला याची जुन्या घरांत काटेकोर नोंद असते, आणि ती वही म्हणजे मतदारसंघाचा नकाशाच. दारावर ठेवलेली येणाऱ्याजाणाऱ्यांची रजिस्टरं, लिहून घेतलेले निरोप, मुलांच्या शाळेला पाठवलेली पत्रं, निवडणुकीत महिलांच्या बैठकांचे फोटो. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ नांदेडला आहे, लातूरला त्याचं उपकेंद्र आहे. तिथल्या इतिहास आणि राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी दोन उन्हाळे या घरांत घालवले तर पुढच्या पिढीला कराडसारखं काहीतरी मराठवाड्यातही सापडेल, आणि त्यात बायकोची उत्तरंही असतील.

घाई करायला हवी ती दोन कारणांसाठी. जुने वाडे पाडून तिथे कॉम्प्लेक्स उभे राहत आहेत, आणि स्थलांतरात सर्वांत आधी रद्दीत जातात त्या आहेराच्या वह्याच. दुसरं, ऐंशीच्या दशकात ज्यांनी दार उघडलं त्या बायका आज पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत. त्यांना ‘साहेबांच्या आठवणी सांगा’ असं विचारू नका, त्या पाठ झालेलंच सांगतील. १९९५ च्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी घरी कोण कोण आलं होतं, एवढंच विचारा आणि वही उघडून बसा.